बाराशे माणसांचं पाकीट

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी लालबागच्या शेवंती परब यांची चकली नापास झाली.

परळच्या एका कंपनीत दिवाळीला ११८० कर्मचाऱ्यांना चकलीचं एकेक पाकीट मिळतं. दहा वर्षं ते शेवंतीताईंकडूनच जात होतं. यंदा कंपनीने आरोग्य समिती नेमली. समितीचे अध्यक्ष कमलाकांत धैर्यवान यांनी चकली चाखली नाही. पाकिटाची मागची बाजू वाचली. एका सर्व्हिंगला, म्हणजे एका वेळच्या खाण्याला, पन्नास कॅलरींची मर्यादा होती. एका चकलीत शंभर निघाल्या. ऑर्डर गेली असती तर शेवंतीताईंकडे काम करणाऱ्या चार बायकांची दिवाळीही गेली असती.

शेवंतीताईंनी दादर गाठलं. तिथे वल्लरी त्रिलोकेकर लेबलांविषयी सल्ला देतात. तेल कमी करू का, भाजणी बदलू का, असं ताईंनी विचारून पाहिलं.

“चकलीला हात लावायचा नाही,” वल्लरीबाई म्हणाल्या. “सर्व्हिंग लहान करायचं.”

अर्धी चकली धरली तर कॅलरी बसल्या, मीठ बसेना. एक वेढा धरला तर मीठ बसलं, तेल बसेना. अखेर सर्व्हिंग ठरलं: एक काटा. समितीच्या फॉर्मवर दशांश चिन्हाला जागा नव्हती. त्यामुळे दशांशानंतरचं सगळं गळलं: कॅलरी शून्य, मीठ शून्य, तेल शून्य.

“एक काटा खाऊन कोण थांबतं गो?” शेवंतीताईंनी विचारलं.

“तो खाणाऱ्याचा प्रश्न. आपण लेबल लिहितोय.”

चौघी बायकांनी चष्मे लावून काटे मोजले. एका चकलीला एकशेवीस. दहा चकल्यांच्या पाकिटाला बाराशे. तसं छापून घेतलं. गुरुवारी चकली मंजूर झाली आणि गुणपत्रिकेत काकडीच्या वर आली. काकडीत पंधरा कॅलरी सापडल्या होत्या.

मंजुरी म्हणजे ऑर्डर, असं धरून ताईंनी त्याच दुपारी कढया चढवल्या. सोमवारी ११८० पाकिटं तयार झाली. त्याच दिवशी लेखी ऑर्डर आली: एक पाकीट.

ताई तडक परळला गेल्या. धैर्यवान यांनी हिशोब दाखवला. कर्मचारी ११८०, सर्व्हिंग १२००. वीस उरतात, ती पाहुण्यांसाठी राखून ठेवली आहेत.

“साहेब, एक काटा दातात अडकला तरी कळायचा नाही,” ताई म्हणाल्या.

“म्हणजे दहा वर्षं तुम्ही एकेका माणसाला बाराशे जणांचं खायला घालत होतात?” धैर्यवान यांनी शांतपणे विचारलं आणि जुन्या ऑर्डरींची चौकशी लावली.

तरीही समितीने माणुसकी दाखवली. ज्या कर्मचाऱ्याला अख्खं पाकीट हवं असेल, त्याने बाराशे खाणाऱ्यांची यादी सह्यांसह जोडावी, असं परिपत्रक निघालं. टपाल विभागातले दौलत तांबे लगेच कामाला लागले. त्यांनी नायगावच्या चाळीतले चारही मजले, मंडळाचे आजी-माजी कार्यकर्ते आणि देवगडची अख्खी भावकी यादीत घातली. भावकीतल्या दोन घरांनी, एकाच यादीत नाव नको, म्हणून सही नाकारली. त्यांचा वाद बांधावरचा आहे. दौलतरावांना पाकीट मिळालं, तरच बाकीचे कर्मचारी अर्ज करणार आहेत. तिकडे लालबागला ११७९ पाकिटं पडून आहेत आणि चकली मऊ पडायला पंधरा दिवस पुरतात.

शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत ८६४ सह्या झाल्या होत्या. ३३६ कमी आहेत. यादी सर्वांना खुली आहे. हे वाचणाऱ्यांनीही सही करायला हरकत नाही. फक्त शेवटचा रकाना भरणं सक्तीचं आहे. सध्या हाताशी जे पाकीट उघडं असेल, त्याची मागची बाजू वाचून, त्यातलं किती जणांच्या वाटणीचं आपण एकट्याने संपवलं, तो आकडा तिथे लिहायचा आहे. तो रकाना अद्याप कोणीही भरलेला नाही.