पावशेर समुद्र

"मॅडम, पावशेर समुद्र आणून देताव का?"

जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात, मी बँकेत जायला निघालेली असताना, समोरच्या फ्लॅटमधल्या मल्लिनाथ अण्णांनी मला हे विचारलं. मी "बघते" म्हणून खाली उतरले. बँकेच्या काउंटरवर उमेदीची वर्षं घालवलेल्या बाईला विचित्र मागण्यांचं काही वाटत नाही. स्कूटी सुरू केल्यावर मात्र डोकं चाललं आणि मी परत वर गेले.

समुद्र म्हणजे सुके बोंबील. रविवारच्या खेळात आम्ही जहाजात बसणार होतो आणि जहाजाला वास हवा होता. अण्णा पक्के लिंगायत. त्यांच्या घरात अंडं कधी शिरलेलं नाही. भरबाजारात ते बोंबील कसे मागणार? आमच्या कांबळ्यांच्या घरी बोंबील होतात हे त्यांना जिन्यातल्या वासावरून कधीचंच ठाऊक होतं, पण आजवर त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. समुद्राची गरज पडली तेव्हाच काढला.

हा खेळ काय, ते सांगते. एक जण गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि आपण काय करणार ते बोलतात. ते जमलं की फसलं, हे वीस तोंडांचा एक फासा टाकून ठरतं. अण्णांचा भाचा बेंगळुरूला नोकरीला गेला, तेव्हा या खेळाचा खोका मामाच्या माळ्यावर टाकून गेला. अण्णांनी सात रस्त्याजवळचं गणवेशांचं दुकान नुकतंच पुतण्याच्या हवाली केलं होतं. रिकामं डोकं आणि खोका एकत्र आले, मग काय विचारता!

खेळाला आम्ही तिघं. वरच्या मजल्यावरचे वकीलसाहेब म्हणजे शूर सरदार. दातांचे डॉक्टर श्रीनिवास म्हणजे चोर. आणि मी पैसे घेऊन मुंडकी उडवणारी बाई. बँकेत आठवडा काढल्यावर मला ही भूमिका फार मानवते.

खेळ साधा तोंडी आहे. बसल्या जागी खेळायचा. पण अण्णांना ते मान्य नाही. "खोटं चालत न्हाई, खेळ हाय हा," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. गोष्टीत जे आहे ते घरात पाहिजे. वाळवंट आलं तेव्हा त्यांनी खिडक्या लावून पंखा बंद केला. मे महिन्यातल्या सोलापुरात वाळवंटाला एवढा खर्च पुरतो. राक्षस आला तेव्हा एका दोस्ताच्या कारखान्यातून पॉवरलूमचा आवाज फोनवर भरून आणला आणि एवढ्या मोठ्यानं लावला की राक्षस काय बोलतोय ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. सरदार कैद झाला तेव्हा वकीलसाहेबांना जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत कोंडलं. साहेबांनी आतून जामिनाचा अर्ज केला. अण्णांनी बाहेरून फेटाळला.

बोंबील मी आणून दिले. अण्णांनी नाकाला उपरणं बांधून ते पंख्याच्या पात्यांना लटकवले आणि पंखा एकवर ठेवला. समुद्र खोलीभर गरगर फिरू लागला. दहा मिनिटांत सोसायटीचे चेअरमन दारात.

"अण्णा, उंदीर मेलाय काय?"

"समुद्र हाय."

"कवापर्यंत हाय?"

"बंदर लागंपर्यंत."

चेअरमननी माझ्याकडे पाहिलं. मी नजर वल्ह्यावर ठेवली. वल्हं म्हणजे त्यांच्याच घरचा कपडे वाळत घालायचा बांबू होता.

जहाज लागलं ते एका डोंगराच्या पायथ्याशी. डोंगर म्हणजे सतरंजीवर रचलेल्या सोलापुरी चादरी. तिथं अण्णांनी एक खानावळ काढली. खानावळवाली एक म्हातारी होती आणि तिचं बोलणं अण्णाच बोलायचे. आवाज बारीक करून, हात पदराला पुसल्यासारखा करून. "बर्री, ऊटा माड्री! या, जेवा! आदी हात धुवा, मग राज्य जिंका." आणि आतून खरी भाकरी, शेंगाची चटणी आणि दही यायचं. भाकरी अण्णा स्वतः थापायचे. जाड, कडा फाटलेली, मधे कच्ची. आम्ही ती राज्याच्या आशेनं गिळायचो.

ही म्हातारी कोण, ते पहिल्याच घासाला मला कळलं होतं. अण्णांच्या बायको, महादेवी काकू, अशाच बोलायच्या. कुरिअरवाला येवो नाहीतर मीटर बघणारा, "आदी हात धुवा" ठरलेलं. त्यांची भाकरी मात्र पापडासारखी पातळ असायची. दोन वर्षांपूर्वी भरदुपारी त्या स्वयंपाकघरात कोसळल्या आणि दवाखान्याची गाडी येईपर्यंत सगळं आटपलं होतं. त्यानंतर अण्णांनी त्यांचं नाव कधी काढलं नाही. बाकीचे दोघं इमारतीत नंतर राहायला आले, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही. दर रविवारी गोष्ट कुठंही जावो, काही ना काही कारण काढून अण्णा आम्हाला त्या खानावळीत न्यायचे.

आणि एका रविवारी राजाचं सैन्य आमच्या मागे लागलं. डॉक्टर खुशीत पुढे सरकले.

"सोप्पं आहे. मी खानावळीला आग लावतो. धूर झाला की आपण पसार."

अण्णा नेहमीप्रमाणे सामान आणायला उठले. आत गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले.

"डॉक्टर, बाई आत हाय की."

"असू दे ना. टाका फासा. दहाच्या वर आला तर वाचली. तुमचाच नियम आहे."

नियम अण्णांचाच होता. फाशात पडलं ते पडलं, त्यात त्यांनी सख्ख्या भाच्यालाही सूट दिली नसती. त्यांनी फासा उचलला. मूठ हलवली. मूठ उघडेना. चेहरा असा झाला की मला तो बघवेना. त्या बाईला दुसऱ्यांदा मारायचं की वाचवायचं, हे त्या प्लॅस्टिकच्या तुकड्यानं ठरवायचं होतं, आणि डॉक्टर आपले हसत होते.

मी उठले, न्हाणीघरात गेले, पिंपातून बादली भरली आणि येऊन समोरच्या चादरींच्या डोंगरावर ओतली.

"मी आग विझवते. खोटं चालत नाही, खेळ आहे हा."

आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. सांडलेल्या तांब्यावरून इथं भावाभावांत बोलणं बंद होतं. वकीलसाहेब आ वासून बघत राहिले, मग काय उमजलं कोण जाणे, स्वयंपाकघरातली घागर घेऊन आले आणि तीही उपडी केली. डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा अण्णांकडे पाहिलं. चोर असूनही ते फ्रिजकडे धावले आणि बाटल्या घेऊन आले. पाणी दाराखालून जिन्यात गेलं आणि त्याच्यामागून चेअरमन वर आले.

"काय करूलालाव बे? पाणी!"

"आग लागली होती," वकीलसाहेब म्हणाले.

"कुटं?"

"विझली."

चेअरमन पायऱ्या उतरले. अण्णा ओल्या सतरंजीवर तसेच बसून होते. डॉक्टरांनी अगदी हळू विचारलं, "अण्णा, वाचल्या ना त्या?"

अण्णांनी मान डोलावली. मग म्हणाले, "महादेवीच्या टायमाला मी एकटाच होतो, डॉक्टर. हातात फोन धरून नुसता हुबा राहिलो. काय करायचं ते सुचलंच न्हाई बघा."

डॉक्टर फडकं घेऊन फरशी पुसायला बसले. अण्णांची मूठ अजून मिटलेलीच होती आणि फासा टाका असं त्यांना कुणीच म्हणालं नाही.