गुपचूप धरलेलं मौन

व्रतवैकल्यांत माझा हात धरणारी पांढुर्ण्यात दुसरी नाही, हे मी अगदी नम्रपणे सांगते! उपास नाही असा दिवस मला पंचांगात शोधावा लागतो. पण पंचविशीत वाटलं, पोट पुष्कळ रिकामं ठेवलं, आता मन रिकामं करून बघावं. 'मी कोण?' हे एकदाचं कळायलाच हवं! म्हणून शनिवारी मारुतीला स्मरून सूर्यास्तापर्यंत मौन धरलं. असं व्रत बोलून दाखवलं की फळ जातं, म्हणून घरात कोणाला सांगितलं नाही.

तिथंच घात झाला! सून गप्प म्हणजे सून रुसली. आमच्याकडे दुसरा अर्थ नसतो.

चहा देताना सासूबाईंनी विचारलं, "सुचिता, काऊन बोलून नाही राहिली वं?"

मी मंद हसले. त्या जास्तच घाबरल्या!

"तुझ्या माहेरच्या पापडांले मी चामडं म्हटलं, ते शेजारणीनं सांगतलं काय?"

मला ठाऊकच नव्हतं! दूध उतू यावं तसा राग वर आला. दाबला. डोळे मिटले.

सासूबाईंनी लेकाला हाक मारली, "रोशन, पाह्य बरं हिले!"

आमचे हे आले, माझे मिटलेले डोळे बघितले आणि कोणी विचारायच्या आधीच कबूल झाले, "श्रावणात अंडाकरी खाल्ली ना मी. पण निस्ता रस्सा! म्हणजे... अंडं एकच होतं!"

श्रावणात! ओठ आवळून मी कुकरासारखी थरथरायला लागले.

"आई, हे रुसणं नाही. काहीतरी बाहेरचं लागलं हिले!"

दृष्ट काढली, मिरच्या जाळल्या. खोकले, पण बोलले नाही! शेवटी दुपारी मला जीपमध्ये घातलं आणि थेट जामसांवलीच्या मारुतीला नेलं. माहेरी मोहगावला फोन गेला होताच. माझे बाबा देवळात आधीच हजर!

"काय केलं जी माह्या पोरीले? हे तं झोपीत बी बोलते!"

मारुतीपुढं मला उभं केलं. सूर्य चांगला कलला होता. थोडीच कळ काढायची होती!

सासूबाईंनी हात जोडले. "देवा, सूनबाईचं तोंड उघडू दे. नारळाचं तोरण वाहीन!"

तेवढ्यात हे कुजबुजले, "आई, अर्धंच माग."

"काय अर्धं?"

"बोलणं वं! पयल्यासारखं पुरं नको. अर्धं चालन."

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "देवा, अर्धंच!"

"हो, अर्धं पुरे," बाबा म्हणाले. सख्खा बाप!

"अर्धं?" मी कडाडले. मग पापड, अंडाकरी, मिरच्यांचा धूर, सगळं एका दमात बाहेर पडलं!

"बोलली! पावला!" सासूबाईंनी लोटांगणच घातलं.

यांनी मात्र मारुतीकडे केविलवाणं बघितलं. "देवा, अर्धं म्हटलं होतं ना!"

पांढुर्णा येईपर्यंत मी बोलतच होते, म्हणे. 'मी कोण' हे मारुतीला विचारायचं राहूनच गेलं. आणि विचारलं असतं, तरी त्या बिचाऱ्याला उत्तर द्यायला मध्ये जागा कुठं ठेवली होती मी!