टँकरच्या दोन बल्बांचा ठराव

आपल्या सोसायटीच्या टँकरला दोन हेडलाइट हायेत आन् त्या दोन्हींतून उजेड येत न्हाई, ही बाब मी संस्थेच्या निदर्शनास लेखी आणून दिली. चूक माझीच झाली बे. तोंडी सांगितलं असतं तर कुणी मनावर घेतलं नसतं आन् मी गपचूप बसवून मोकळा झालो असतो. लेखी दिलं म्हणजे आवक नंबर पडला, आन् आवक नंबर पडला की संस्थेला विचार करावा लागतो. तिथून सगळं बिघडलं. थांब सिदू, मधी बोलू नको, सांगतो.

दुष्काळ जाहीर झाला तवा सोसायटीनं टँकर घेतला आन् मला डायवर ठेवलं. खालच्या विहिरीवर मोटारीला लाइट येती रात्री अकराला. तवाच टँकर भरायचा, धारूरचा घाट चढायचा आन् डोंगरावरच्या खडकवस्तीला पहाटे वतायचा, मेंढरं चरायला निघायच्या आत. तीस घरं, दीड हजार मेंढरं, आन् पाण्याला दुसरी वाट न्हाई. माझ्या टँकरचा उजेड म्हणशील तर देवळातली समई. काचा पिवळ्याजर्द. वळण आलं की मी खिडकीतून मुंडकं भाईर काढून वासावर गाडी चालवायचो.

एक दिवस वास चुकला. मोरीच्या कठड्याला टँकर घासला, पाणी सोडायचा कॉक फुटला, अर्धं पाणी घाटात. वर गेलतो तर चतुराबाई घागर घेऊन उभी. वस्तीवर पाण्याची रांग तीच लावती, तिच्यापुढं कुणाची टाप न्हाई.

"भारत, घाटाला पाणी पाजलंस व्हय रे?"

"दिसलं न्हाई मावशी."

"मग दिसंल असं कर की लेकरा. मेंढरांना काय सांगू, डायवरला दिसत न्हाई म्हणून?"

मी तडक मांजरसुंब्याला आसारामकडं. गाड्यांच्या वायरिंगमधी त्याच्यासारखा माणूस न्हाई. त्यानं काचेवर थुंकून बोट फिरवलं आन् म्हणला, "काय लई न्हाई बे. काचा घासून देतो, रिले टाकतो, दोन नवे बल्ब. पांढऱ्याच्या नादी लागू नको, धुरळ्यात पांढरा उजेड माघारी आपल्याच तोंडावर येतो. पिवळा टाक. आन् भिंतीसमोर उभी करून लेव्हल लावतो, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यात जायचं न्हाई. तू जेवून ये, तवर होतंय. फक्त सोसायटीचं पत्र आण."

पत्र! त्या एका पत्रासाठी मी अर्ज केला.

आपले सचिव बद्रीनाथ. त्यांनी अर्ज तीनदा वाचला, चष्मा पुसला. "भारत, कोणते बल्ब?"

"आसाराम म्हणतोय पिवळे."

"आसाराम संस्थेचा सभासद हाय का?"

"न्हाई."

"मग त्याचं मत घेता येत न्हाई."

आठ दिवसांत 'रात्रकालीन प्रकाश सुधारणा उपसमिती' स्थापन झाली. अध्यक्ष विठ्ठलराव, म्हणजे आपले चेअरमन. उपाध्यक्ष आप्पा, म्हणजे व्हाइस चेअरमन. दोघांचं पटत न्हाई हे साऱ्या तालुक्याला म्हाईत, म्हणूनच दोघांना एकत्र घेतलं. समतोल राहतो म्हणं. बाजारात हॅलोजन हाय, प्रोजेक्टर हाय, एलईडी हाय. वापरून बघितल्याशिवाय निवडायचं कसं? टँकरवर बघावं तर टँकर ही अत्यावश्यक सेवा, तिच्यावर प्रयोग करता येत न्हाई. सबब, प्रायोगिक तत्त्वावर दिवे आधी संचालकांच्या स्वतःच्या गाड्यांना बसवावेत, असं ठरलं.

विठ्ठलरावांच्या गाडीला प्रोजेक्टर बसले, वर टपावर नऊ दिव्यांची पट्टी. आप्पा म्हणले, एकाच गाडीवरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय हाय, तुलना पायजे. त्यांच्या टपावर अकरा. अरे काय उजेड बे! विठ्ठलराव रात्री दहाला मांजरसुंब्याच्या चौकातून गेले तर ढाब्यामागचा कोंबडा आरवला. एक म्हातारा खाटेवरून उठून दात घासायला बसला. उपसमितीनं अहवाल दिला: उजेड समाधानकारक, परीक्षण चालू ठेवावे.

मी ऑफिसात गेलो. "साहेब, माझे दोन बल्ब?"

विठ्ठलरावांनी मला खुर्चीत बसवलं. खुर्चीत बसवलं तवाच मला कळलं की काम होत न्हाई. "भारत, तू तिसऱ्या टप्प्यात हायेस. घाई करू नको. चुकीचा बल्ब बसला तर जबाबदार कोण?"

मग ती घाटातली रात झाली. मी भरलेला टँकर घेऊन विठ्ठलरावांच्या गाडीमागं. मला काय, फुकटचा उजेड, झ्याक चाललंय. अरुंद वळणावर समोरून आप्पा आले. ह्यांचे नऊ, त्यांचे अकरा, सगळे वर रोखलेले. दोन्ही गाड्या जाग्यावर थांबल्या. आता कुणीतरी डिपर मारून लाइट खाली घ्यायचा, बाजूला सरकायचं, इतकीच बात. पण लाइट खाली घेतला म्हणजे झुकला! गाडीत चार माणसं बसलेली, सकाळी गावभर होणार, चेअरमन झुकले. नको का इचार करायला?

"आप्पा, लाइट खाली घ्या!" विठ्ठलराव खिडकीतून.

"तुमी घ्या की साहेब. तुमी वडीलधारे, तुमचं बघूनच शिकलो आमी."

"मी संस्थेचा चेअरमन हाय."

"आन् मी घाट चढणारा हाय. चढत्या गाडीचा मान असतो."

"आमी काय उतरतोय का? तुमीच उतरताय!"

मी डोळ्यावर हात धरून मधी गेलो. "साहेब, कुणीतरी एकानं घ्या हो. वस्तीवर पाणी जायचंय."

विठ्ठलराव शांतपणे म्हणले, "भारत, हा पाण्याचा प्रश्न न्हाई. पायंड्याचा हाय."

रातभर उभे बे! चार वाजले, पाच वाजले. सूर्य उगवला तरी दोन्ही गाड्यांचे दिवे चालू. साडेसहाला आप्पांची बॅटरी बसली. दिवे विझले तसे आप्पा खाली उतरून ओरडले, "लिहून घ्या, बॅटरी गेली! मी न्हाई झुकलो!" मी वस्तीवर पोचलो तवा मेंढरं कोरड्याच तोंडानं डोंगरात गेलती.

आता रातभर रस्ता अडवला हे सांगायचं कसं? बद्रीनाथांनी दुपारी पेपरला बातमी दिली: 'पाणीटंचाईग्रस्तांसाठी संचालक रात्रभर घाटात, टँकरला दिला स्वतःच्या गाड्यांचा उजेड'. फोटोत दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. सत्कार झाला. आन् ती बातमी फाइलला लागली.

फाइलला लागल्यावर बद्रीनाथांचा सरळ हिशोब. टँकरला संचालकांच्या गाड्यांचा उजेड मिळतो, हे छापून आलंय. मग टँकरला स्वतःचे दिवे ही दुहेरी व्यवस्था झाली. दुहेरी व्यवस्था म्हणजे उधळपट्टी. मला पत्र मिळालं, शेवटी पत्र मिळालंच बे: 'टँकरवरील जुने दोन बल्ब काढून कार्यालयात जमा करावेत. यापुढे टँकरने संचालकांच्या वाहनामागून प्रवास करावा. सर्वसाधारण सभेच्या मान्यतेस अधीन राहून.'

"साहेब, आरटीओ पकडंल की!"

"पकडायला त्याला टँकर दिसला पायजे," बद्रीनाथ म्हणले.

संचालक रात्री घाटात जातात कशापायी? लग्नाला, हळदीला, कुणाच्या जेवणाला. तवाच पाणी. चतुराबाईला अक्षर येत न्हाई, पर पंधरा दिवसांत तिला अख्ख्या जिल्ह्यातल्या लग्नतिथी पाठ. मी दिसलो की इचारायची, "आज कुणाची वरात रे?" आन् एक दिवस म्हणली, "मुहूर्त संपत आले भारत. पुढं मेंढरं जगवायची कशी? ती सभा कधी हाय सांग. माझा बी शेअर हाय सोसायटीत. मी येऊन बोलते."

सभेवरच सगळं होतं बे. तिथं सभासदांनी न्हाई म्हणलं की बल्ब माघारी. मी घरोघर जाऊन सांगितलं. तुमाला बी सांगितलं. तुमी आले, खोटं कशाला बोलू.

शाळेच्या मैदानावर सातला सभा, आन् सातलाच लाइट गेली. विठ्ठलराव म्हणले, काळजी करू नका, संस्था प्रकाशात स्वयंपूर्ण हाय. दोन्ही गाड्या आणल्या, स्टेजच्या दोन बाजूंना लावल्या, तोंड सभासदांकडं. वीस दिवे एकदम लागले. चारशे माणूस, आन् एकाला स्टेज दिसंना. स्टेजवर कोण हाय, किती हायेत, हसतायत का रडतायत, काय पत्ता न्हाई. नुसता आवाज.

"विषय क्रमांक सहा. टँकरचे दिवे कायमचे काढून टाकण्यास मान्यता देणे. मंजूर असणाऱ्यांनी हात वर करावेत."

करायचे कशाला? वरच होते! चारशे हात डोळ्यांवर आडवे, उजेड अडवायला.

"सर्वानुमते," आवाज आला.

"मला मंजूर न्हाई!" चतुराबाई उठून ओरडली. तिनं डोळ्यांवर हात लावलाच नव्हता. सरळ दिव्यांकडं पाठ करून उभी होती. "माझं न्हाई लिवा!"

थोडा वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. मग बद्रीनाथ म्हणले, "सभेकडं पाठ करून घेतलेली हरकत सभेपुढं आली असं धरता येत न्हाई."

टाळ्या कुणी वाजवल्या ते बी दिसलं न्हाई. चतुराबाई अंधारात एकटीच चालत घाटाकडं गेली. मागच्या आठवड्यात वस्तीनं निम्मी मेंढरं विकली.

हसताय काय बे? सभेचा फोटो ऑफिसात लावलाय, जाऊन बघा. लई लख्ख आलाय, एकूण एक तोंड ओळखू येतंय. माझा हात वर हाय. तुमा सगळ्यांचे हायेत. आन् सिदू, तुझे तर दोन्ही वर हायेत, म्हणून तुझ्या नावापुढं इतिवृत्तात लिवलंय: विशेष पाठिंबा.