आत्या पुस्तक निवडते

आमची सुमनआत्या कोणतंही पुस्तक मागून उघडते. कादंबरी असो, पंचांग असो, नाहीतर लग्नाची पत्रिका. तेलंगणातल्या आमच्या नार्नूरच्या मराठी शाळेत तिनं आयुष्यभर गणित शिकवलं. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर वर्ग हातचा गेला, तेव्हा तिनं आमचं घर शिकवायला घेतलं. चहात साखर जास्त पडली की म्हणते, "पायरी चुकली." माझे वडील भांडणाच्या आवाजात बोलू लागले की म्हणते, "दादा, पायरी चुकली." वडील आवाज खाली आणतात.

मला हैदराबादला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. गणिताचं एक जाड संदर्भपुस्तक लागेल असं कळलं आणि दुसऱ्याच सकाळी आत्या डबा घेऊन दारात उभी.

"चाल आदिलाबादले. पुस्तक पाहणं म्हणजे जावई पाहणं हाय, एकटीनं नसते जात."

दुकानदारानं काउंटरवर जाडजूड ठोकळे मांडले. आत्यानं पहिल्याची सूची उघडली, एका शब्दावर बोट ठेवलं आणि ते पान काढलं. "नाव सूचीत हाय, समजावणं कुठंच नाई. लबाड हाय हे." दुसरं उघडून तिनं हात काढला, ते आपोआप मिटलं. "तू लिहिशीन का याले धरून बसशीन?" तिसऱ्यात नुसती उत्तरं होती. "रस्ता कोण सांगन?"

दुकानदार म्हणाला, "मॅडम, सब यही लेते हैं."

"सब को छोड़ो, इसका देखो," आत्यानं माझ्याकडे बोट दाखवलं.

शेजारी उभे असलेले एक गृहस्थ पुढे आले. "बाई, माझ्या पोरासाठी बी पाहून द्या ना."

"तो कुठं अडकते?"

त्यांना माहीत नव्हतं.

"मंग आधी त्याले विचारून या," आत्या म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "तू कुठं अडकशीन?"

मी मान खाली घातली. "पहिल्याच पानावर. तिथं सगळं इंग्रजीत असते, आत्या. मले भेव वाटून राह्यलं."

घरात हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आत्या स्टूल ओढून बसली आणि राहिलेली पुस्तकं चाळत राहिली. दुकानदारानं न विचारताच चहा मागवला. शेवटी तिनं एक पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. त्यात आधी चित्र होतं, मग साधी छोटी वाक्यं, आणि सूत्र त्यानंतर.

"वाच."

मी वाचलं. समजलं.

"दोन द्या," आत्या दुकानदाराला म्हणाली.

"दोन काऊन?" मी विचारलं.

"एक माझं. तू तिकडून पान सांगजो, मी इकडं तेच उघडीन."

आणि तसंच झालं. मेसमधून जेवून आले की मी फोन लावायची. मला कळलं नसेल ते ती मराठीत उलगडून सांगायची, आणि सकाळच्या वर्गात तेच इंग्रजीतून ओळखीचं वाटायचं. मी पहिल्या परीक्षेत पास झाले. पुढच्या सत्रात एका धड्याशी ती अडकली. फोनवर पानं मागंपुढं उलटल्याचा आवाज.

"पोरी, हे मले नाई येत. आमच्या वेळी नव्हतं हे."

"आमच्या वर्गात कालच झालं. मले थोडं समजलं हाय."

"मंग सांग ना. मी लिहून घेते."

मी सांगत गेले. तिनं मध्ये दोनदा अडवलं, एकदा माझीच चूक काढली. धडा संपला तरी ती फोन ठेवेना.

"समजलं," ती म्हणाली. "उद्या कोणता घ्यायचा?"