हात दाखव!

भोईरमामा नमस्कार घेत नाहीत. समोर कुणीही येवो, त्यांचं एकच, "हात दाखव!" अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात नवा आलेला माणूस त्यांना हमखास ज्योतिषी समजतो. पॅकिंगमधल्या एका मुलीने तर भक्तिभावाने तळवा पुढे करून विचारलं, "मामा, लग्नाचं काही दिसतंय?"

मामांनी तिची बोटं निरखली. "सगली जागेवर हायेत. अंगठी बसंल. जा कामाला."

मी तिथला सुपरवायझर. येता-जाता मलाही हात दाखवावे लागत. मामांची दुसरी खोड म्हणजे ओव्हरटाइमचं नाव काढलं की अंगावर येत. "घरी काम हाय!" भोंगा वाजला की बुवापाड्याच्या वाटेला लागत. कसलं काम, ते कुणालाच माहीत नव्हतं.

आमच्या प्रेसला, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्राला, दोन बटणं आहेत. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा लोखंडी ठोकळा खाली येतो, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. शेठना माल लवकर हवा होता. त्यांनी एका बटणात लाकडी पाचर ठोकून घेतली, म्हणजे ते कायम दाबलेलंच. आता एक हात मोकळा, आणि तोच ठोकळ्याखाली जाणार.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा मांडली. सगळ्यात जुने कामगार म्हणून नारळ फोडायचा मान मामांचा. त्यांनी नारळ उचलला, पाचर पाहिली आणि थांबले.

"आधी ही काढा. देवीला फसवायचं नाय."

"नारळ फोड, नाहीतर गेटबाहेर हो!" शेठ ओरडले.

मामा खरंच निघाले. नारळ काखेत मारून! पूजेशिवाय यंत्राला कोण हात लावणार? सगळे हाताची घडी घालून उभे राहिले. संध्याकाळी शेठनी मलाच पिटाळलं, "माफी मागायला सांग, आणि घेऊन ये त्याला."

बुवापाड्यात मामांचं दार उघडंच होतं. नारळ देवापुढे, अख्खा. मामी पाटावर बसल्या होत्या आणि मामा मागे बसून त्यांची वेणी घालत होते.

"हलू नको गं, पेड सुटतोय. दिवेलागणीच्या आधी व्हायला होवी."

मामींच्या उजव्या हाताला अंगठा तेवढा होता. त्यांनी डाव्या हाताने मला पाण्याचा तांब्या दिला. "राग मानू नका हां. प्रेसवर गेला तो हात. तवा पन पाचरच व्हती."

वेणीच्या टोकाला रिबीन बांधून मामांनी हळूच गजरा माळला. मला भरून आलं, आणि शेठचा भयंकर संतापही आला. निरोप न सांगताच मी उठलो.

शेठ प्रेसजवळच उभे होते. "क्या हुआ? माफी मागतो का?"

"शेठ, आधी हात दाखवा."

गोंधळून त्यांनी दोन्ही पंजे पुढे केले. बोटं सगळी जागेवर होती, वर अंगठ्याही होत्या. मी पाचर उपटली आणि त्यांच्या तळव्यावर ठेवली.

"नारळ मामांकडे आहे," म्हटलं. "आणायला तुम्ही जा."