एक कान, तीन डोकी

"बाबा, यंदाच्या बहाराले तुमी खाटेवरून उठाचंच नाही," असं अंकुरनं जाहीर केलं तेव्हा रामाजी खाटेवरच होते, त्यामुळे योजनेचा निम्मा भाग तिथल्या तिथेच पार पडला.

उरलेला निम्मा अवघड होता. रामाजींचे गुडघे संपले होते आणि विहिरीपर्यंतच्या पायऱ्या चढायला-उतरायला सौंसरच्या डॉक्टरनं बंदी घातली होती. रामाकोन्याच्या बगीच्यातली संत्र्याची चारशे झाडं मात्र दीड महिना ताणावर उभी होती. पाणी तोडून तहानलेली ठेवली की झाडं फुलतात. गुरुवारी त्यांना पहिलं पाणी द्यायचं होतं, तेही एका दमात. अर्धवट दिलं तर फूल अर्धवटच. त्यात विहिरीला पाणी कमी. मोटर तीन-चार तासांनी हवा ओढायला लागे आणि दोन मिनिटांत बंद केली नाही तर जळे.

"गुरुवारी यंत्र चाललं त ठीक," रामाजी म्हणाले. "नाही त सोमवारपासून पांढुर्ण्याले मामाच्या दुकानात युरिया विकाचा."

मामा म्हणजे मोरेश्वरराव. त्यांच्या कृषी केंद्रातली काउंटरमागची खुर्ची अंकुर इंजिनिअर झाला त्या दिवसापासून त्याची वाट पाहत होती.

अंकुरनं ओसरीत साबणाच्या डबीएवढं यंत्र टांगलं. त्याला एक माइक होता आणि कामं तीन. मोटरीनं हवा ओढली की ती बंद करायची, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की आईच्या फोनवर सांगायचं आणि बगीच्यात माकडं ओरडली की भोंगा वाजवायचा. तीन कामांची तीन न्यूरल नेटवर्कं डबीत मावत नव्हती. म्हणून त्यानं आवाज ऐकणारे सुरुवातीचे थर तिन्ही कामांना सामाईक ठेवले आणि शेवटी प्रत्येकाला एकेक छोटा थर वेगळा दिला. एक कान, तीन डोकी.

"म्हंजे काय?" अंबाबाईंनी विचारलं.

"कणीक एकच भिजवाची, आई. मंग तिच्यातूनच पोळी, पुरी, वरणफळं."

"आन् कणीकच बिघडली त?"

"कणीक मी भिजवून राहिलो."

"म्हणून त विचारून राहिली."

आठ दिवस रेकॉर्डिंग चाललं. झाडं ताणावर होती म्हणून मोटरीचं पाणी तेवढे दिवस बाजूच्या गव्हाला सोडलं. धाकट्या हिमानीनं त्याचे तुकडे पाडून प्रत्येकावर नाव लिहिलं. परीक्षेत यंत्राला तिन्ही विषयांत शंभरात अठ्ठ्याण्णव मिळाले. एवढे गुण त्या घरात कोणालाच कधी पडले नव्हते, तरी कोणाला संशय आला नाही.

गुरुवारी अकराला शेतीच्या विजेची लाइन आली. ती चारला जाणार होती. मोटर सुरू झाली, पाणी पहिल्या ओळीत शिरलं. रामाजींना भरून आलं. पोराला दोन चांगले शब्द बोलावेत म्हणून त्यांनी सवयीनं घसा खाकरला.

मोटर बंद पडली. स्वयंपाकघरात फोन म्हणाला, तीन शिट्ट्या झाल्या. अंबाबाईंनी गॅस बंद केला. बगीच्यात भोंगा कोकलला.

अंकुर काठी घेऊन चारशे झाडं फिरून आला. माकड एकही नव्हतं. त्यानं परत मोटर लावली. तोवर अंबाबाईंनी कुकर उघडला होता आणि तूरडाळ जशी आत गेली होती तशीच बाहेर आली होती. ती पाहून रामाजींनी घसा खाकरला.

मोटर बंद. तीन शिट्ट्या. भोंगा.

चौथ्यांदा असं झालं तेव्हा साडेबारा वाजले होते आणि चाळीसपैकी दोन ओळी भिजल्या होत्या. रामाजी रागावले नाहीत. अंकुरला तेच जास्त लागलं.

हिमानी कानाला हेडफोन लावून जुनी रेकॉर्डिंगं ऐकत बसली होती. "दादा, मोटर हवा घेते तवा बाबा काय करते?"

"बंद कराले उठू पाहते."

"उठाच्या आंधी?"

"घसा खाकरते."

"कुकरची तिसरी शिट्टी झाली का?"

"घसा खाकरते. मंग म्हणते, वाढते का."

"आन् माकडं दिसले का?"

"तवाही तेच," अंकुर म्हणाला.

तिन्ही कामांत उपयोगी पडेल अशी एकच गोष्ट सामाईक थरांना सापडली होती आणि ते तीच मन लावून शिकले होते. हवा, शिट्टी, माकड यांच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. उलट रामाजींच्या घशाचा एवढा सखोल अभ्यास सगळ्या तालुक्यात कोणाचा नव्हता.

"काढून टाकतो," अंकुर म्हणाला. "मीच बसतो मोटरीपाशी."

"मंग सोमवारी?" हिमानीनं विचारलं.

"युरिया."

रामाजींनी पोराकडे पाहिलं, मग डबीकडे पाहिलं. "राहू दे. मी नाही खाकरत."

चाळीस वर्षं सुपारी खाल्लेला घसा होता तो. रामाजींनी दोन लवंगा दाढेत धरल्या आणि तोंड मिटलं. पाणी हातानं मागितलं, जेवण मानेनं नाकारलं. दोनच्या सुमाराला त्यांचे डोळे पाण्यानं भरले, कान लाल झाले. अंबाबाई पदरानं वारा घालत म्हणाल्या, "लग्नात इतके गप्प राहिले असते त माह्या बाबांनी हुंडा वाढवून देल्ला असता."

मोटर मात्र अखंड चालली. ओळीमागून ओळ भिजत गेली.

साडेतीनला शेवटच्या ओळीतली झाडांभोवतीची आळी भरत आली, तेव्हा रामाजींनी एकदम बोट वर केलं. अंकुरला काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं. यंत्राला तर नव्हतंच. पण मोटरीचा सूर किंचित चढला होता, तिनं हवा ओढायला सुरुवात केली होती. रामाजी जागचे हलले नाहीत. त्यांनी तीन तासांचा साठा एकत्र करून घसा खाकरला.

मोटर बंद. तीन शिट्ट्या. भोंगा. चारशेची चारशे झाडं ओली.

संध्याकाळी त्यांनी पांढुर्ण्याला फोन लावला. "मोरेश्वरराव, पोरगं सोमवारी येत नाही. यंत्र चाललं."

"वा भाऊजी. काय करते ते?"

रामाजी खरं बोलणारा माणूस. "मी घसा खाकरला का मोटर बंद करते."

"भाऊजी," मामा हळूच म्हणाले, "लयच खराब झाला का घसा?"

दुसऱ्या दिवशी बसवाल्याच्या हाती खोकल्याच्या औषधाची मोठी बाटली आली. रामाजींनी झाकण उघडलं, चमचा मागितला. अंबाबाईंनी बाटलीच काढून घेतली आणि सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिली.

"अजून तीन पाणी द्याचे बाकी हायेत," त्या म्हणाल्या. "बहार होऊ द्या. मंग बरे व्हा."