अंगात आलेला मुळा

सुटीच्या दिवशी माणसानं जेवून घोरत पडावं, उगाच नवं काही करायला जाऊ नये, हे मला आता पुरतं पटलं आहे. यंदाच्या गुढीपाडव्याला मी घोरलो असतो, तर आमच्या गल्लीत आजही नुसता टेंभरे बाबू म्हणून सुखानं राहिलो असतो.

सुरुवात केली आमच्या कार्यालयातल्या हेमराजनं. त्यानं मला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. एक टवटवीत बाई इवलीइवली रोपं कात्रीनं कापत होती आणि तशीच तोंडात टाकत होती.

"मायक्रोग्रीन्स म्हणते याले," हेमराज म्हणाला. "घरीच उगवते. पेरा, कापा, खा. तुमच्या पोटासाठी सांगून राहिलो, बाबू."

(माझं पोट हा आमच्या कार्यालयातला सार्वजनिक विषय आहे. टेबलाचा खण उघडायचा तर मला आधी श्वास आत ओढून धरावा लागतो.)

पाडव्याला पुरणपोळी जरा जास्तच झाली आणि त्या पश्चात्तापाच्या भरात मी पेरणीला लागलो. गुंजननं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, स्वैपाकघरातली एकही थाळी द्यायला साफ नकार दिला. मग माळ्यावरच्या बांबूच्या टोपल्या काढल्या. त्यांत खत-माती भरली. दोन टोपल्यांत गहू पेरला, एकीत मुळ्याचं बी. व्हिडिओतल्या बाईनं सांगितलं होतं की सुरुवातीला अंधार हवा. आमच्या घरात हक्काचा अंधार एकाच ठिकाणी असतो, तो म्हणजे तांदळाची पिंपं ठेवायची कोठीची खोली. तिथं टोपल्या मांडल्या.

स्वच्छता पाळा, असंही ती बाई म्हणाली होती. म्हणून मी खोलीबाहेर चप्पल काढायचो. फवाऱ्याची बाटली गुंजनला इस्त्रीला लागते, म्हणून बोटांनीच पाणी शिंपडायचो. आणि त्या खोलीत डास फार, म्हणून डास पळवायची अगरबत्ती लावायचो. यात माझं कुठं काही चुकलं का, तुम्हीच सांगा.

पंचमीला सासूबाई आल्या. सुशिलाबाई. गाव बोदलकशाच्या बाजूला, स्वभाव कडक. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बाई माझ्याशी थेट बोलत नाहीत. मी समोर बसलेलो असलो तरी गुंजनला म्हणतात, "त्यांले सांग, पंखा कमी करा म्हना." माझ्याबद्दलचं त्यांचं मत मला गुंजनकडूनच कळलेलं होतं. ते असं की, माणूस वाईट नाही, फक्त त्याचा उपयोग नाही.

दुपारी त्या तांदूळ काढायला कोठीच्या खोलीत गेल्या आणि आतून एकदम आवाज आला, "माय वो माय!"

मला वाटलं साप. धावत गेलो. पाहतो तर सासूबाई गुडघे टेकून, पदर डोक्यावर घेऊन बसलेल्या. समोर टोपल्यांत अंधारात वाढलेला पिवळाधमक गहू, शेजारी अगरबत्तीचा धूर.

"जवारा!" त्या म्हणाल्या. "जवाईबापू, तुमी घरी देवीचा जवारा बसवला, अन् आमाले सांगतलं पन नाई?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चैत्राचं नवरात्र! आमच्या भागात पाडव्याला टोपलीत गहू पेरून देवी बसवतात, अंधारात ठेवतात, रामनवमीला तळ्यावर नेऊन शिरवतात, म्हणजे पाण्यात सोडतात. मुहूर्त, टोपली, गहू, सगळं माझ्याकडून बिनचूक झालं होतं. (आयुष्यात एवढं बिनचूक काम मी एकदाच केलं, तेही नकळत.)

"आई, ते खरं म्हणजे..." मी सुरुवात केली.

"मी तुमाले लय हलकं समजत होतो, बापू," त्या म्हणाल्या. थेट मला! डोळ्यांत पाणी आणून! "बसा जी तुमी. पंख्याखाली बसा. चहा आनतो."

आणि त्यांनी स्वतः चहा आणून माझ्या हातात दिला. बशीत बिस्किटं होती. आता अशा वेळी खरं बोलणारा माणूस जगात असेलही, पण तो कुणाचा जावई नसणार. मी चहा प्यालो. दारात उभी गुंजन माझ्याकडे अशी पाहत होती, की उचललेलं बिस्किट मी परत बशीत ठेवलं.

"सांगून टाका," ती नंतर हळूच म्हणाली. "उद्या भारी जाईन."

"रामनवमीपर्यंतच तर आहे," मी म्हणालो.

पण जवारा बसवणाऱ्याला नेम असतात, हे मला कुठं ठाऊक? सासूबाईंना ते तोंडपाठ होते. चप्पल बंद. दाढी बंद. गादी बंद, जमिनीवर झोपायचं. दिवसा फक्त फळं. चैत्रातल्या गोंदियाच्या डांबरी रस्त्यावरून मी अनवाणी कार्यालयात जाऊ लागलो. म्हणजे चालत नव्हतो, उड्या मारत होतो. साहेबांनी विचारलं, "टेंभरे, चप्पल चोरीला गेली का?" हेमराज तेवढा टेबलाखाली तोंड घालून हसत होता.

शेजारचा छोटेलाल, पंक्चरवाला, ढोलक उत्तम वाजवतो. त्याला कळलं तसा तो दारात हजर. "क्या बाबूजी! घर में माता बिराजी है और मोहल्ले को खबर नहीं?" त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आमच्या ओसरीवर देवीची गाणी सुरू झाली. बाया येत, कोठीच्या दाराशी माथा टेकवत आणि मला प्रसाद देत. साजूक तुपातला शिरा, पुऱ्या, पुन्हा शिरा. "नाही म्हनू नोका, बाबू, देवीचा आहे." पोट कमी करायला मी गवत पेरलं होतं आणि त्या गवतापायी मला शिरा चढत होता.

एक दिवस सासूबाई तिसऱ्या टोपलीवर वाकल्या. "हे गहू नाई दिसत जी. याचे पानं गोल काऊन आहेत?"

"ते... आमच्या घराण्यात तसा रिवाज आहे," मी म्हणालो.

"असन," त्या म्हणाल्या आणि तिलाही हळदकुंकू वाहिलं. मुळ्याला!

अष्टमीच्या संध्याकाळी मात्र माझा धीर सुटला. फळांनी पोटात खड्डा पडलेला, शिऱ्याची शिसारी आलेली. डोळ्यांसमोर ती व्हिडिओतली बाई. मी म्हटलं, गहू देवीचा, मान्य. पण मुळा तर माझा आहे! ओसरीवर गाणी चढली होती. मी कात्री, लिंबू आणि मीठ घेऊन गुपचूप कोठीत शिरलो. मूठभर कोंब कापले, लिंबू पिळलं आणि सगळं एकदम तोंडात कोंबलं.

मुळ्याचा कोंब दिसायला लहान असतो, पण तिखट असतो. पहिल्याच घासाला तो नाकातून थेट टाळूत गेला. डोळ्यांतून पाणी, कान गरम, तोंड लालभडक. मी डोकं गदागदा हलवू लागलो आणि नेमकं त्याच वेळी दार उघडलं. आरतीचं ताट घेऊन सासूबाई, मागे सगळी गल्ली.

माझ्या तोंडातून मुळ्याची पानं लोंबत होती.

"आ गयी!" छोटेलाल ओरडला. "बाबूजी के अंग में माता आ गयी!"

आणि त्यानं ढोलकावर अशी थाप मारली की तांदळाची पिंपं घुमली. मी जोरजोरात मान हलवून 'नाही, नाही' म्हणू लागलो. ढोलक अजून वाढला. मी जेवढा नाही म्हणे, तेवढा अधिक घुमतोय असं त्यांना वाटे. समोरच्या घरची संध्या पुढं आली, हात जोडले. "माय, माया भावाचं लगन कधी जमन?"

"पानी!" मी कसाबसा ओरडलो. "पानी, पानी!"

"बारिश में!" छोटेलालनं अर्थ लावला. "पानी गिरेगा, शादी होगी!"

मग सासूबाई आल्या. त्यांनी पदर पसरला. ढोलक थांबला. मला वाटलं, आता बाई नातवंडांसाठी, शेतासाठी काही मागणार.

"माय," त्या म्हणाल्या, "मी दुसरं काई मांगत नाई. आमच्या जवायाले अक्कल कधी येन, येवढं सांगून दे."

सगळे वाट पाहू लागले. गुंजनसुद्धा मान पुढं काढून ऐकत होती.

इतके दिवस तळपाय भाजून कमावलेला मान तो एवढाच होता. मी मुळा गिळला, डोळे पुसले आणि म्हणालो, "आई, माझ्या अंगात कुणी आलं नाही. हा मुळा आहे. गहूही मी खायलाच पेरला होता. पोट कमी करायला. नवरात्र आहे हे मला माहीतच नव्हतं."

मी मान खाली घातली.

"हं," सासूबाई म्हणाल्या, "हे मले पटते."

एका क्षणात पटलं हो! जावई भक्त आहे हे पटायला त्यांना डोळ्यांत पाणी आणावं लागलं होतं. जावई खादाड आहे हे असंच पटलं.

"पन गहू पाडव्यालेच पेरला," त्या म्हणाल्या, "अन् पानी तुमीच घातलं. अनवानी पन चालले. देवी कोनी कशाले पेरलं ते नाई पायत. उद्या टोपल्या तळ्यावर नेऊ. ते मुळ्याची तुमी खाऊन टाका." आणि माझ्या लाल तोंडाकडे पाहून म्हणाल्या, "गुंजन, त्यांले पानी दे पयले."

बाकी गल्लीला मात्र काही केल्या पटेना. छोटेलाल तर हात जोडूनच उभा. "देखो, माता कितनी सीधी है. बोलती है, मैं मूली हूँ!"

रामनवमीला गाजावाजानं टोपल्या शिरवल्या, सासूबाई गावी गेल्या, मी चप्पल घातली. वाटलं, मिटलं सगळं.

पुढच्या रविवारी सकाळी दारात बकरीचा आवाज आला. मी आत होतो. नागऱ्याहून एक म्हातारा-म्हातारी आले होते, सोबत दोरीला बकरी. छोटेलालच्या दुकानात सायकलचं पंक्चर काढताना त्यांना कुणीतरी पत्ता दिला होता.

"बाई," म्हातारा हात जोडून विचारत होता, "ज्याइच्या अंगात माय येते ते बाबा अथीच रायते का? बकरी दूध देत नाई आमची."

"अथीच रायते," गुंजन म्हणाली. "बसा तुमी. भांडे घासून राहिले ते, कढई झाली का पाठवतो."